कपभर जागेत दडलेली ओढ

ऐंशी वर्षांपूर्वीचा एक ट्रॅक्टर घ्या. त्याचा बिडाचा ब्लॉक तोच ठेवा, क्रँक तोच, फ्लायव्हील तेच, गिअरही तेच. फक्त आतले पिस्टन बदला, हेडवर काम करा आणि इंजिन नव्यानं बांधा. कारखान्यातून निघताना जो पस्तीस एचपीच्या आसपास होता, तो आता पन्नासच्या घरात जातो. लोखंड वाढलेलं नाही, ट्रॅक्टरचं आकारमानही वाढलेलं नाही. मग ही जादा ताकद आली कुठून?

ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्या काळच्या इंधनानं तिला बाहेर पडू दिलं नव्हतं, इतकंच. जुन्या यंत्रांच्या जगातली ही मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. ती नीट समजून घ्यायची तर एकच ट्रॅक्टर धरून बोलायला हवं, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या 'फार्मॉल एम'इतका चांगला नमुना नाही.

फार्मॉल एम हा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ट्रॅक्टर. 1939 ते 1952 या काळात इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंडच्या कारखान्यातून असे अडीच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. लाल रंग, गोलसर नाक, पुढे एकमेकांना चिकटून असलेली दोन लहान चाकं. त्याचं हे रूप रेमंड लोई या नामवंत डिझायनरनं घडवलं होतं. मक्याच्या दोन ओळींमधून पुढची चाकं जावीत आणि पीक तुडवलं जाऊ नये, म्हणून ती चाकं अशी जवळजवळ. आपल्याकडे ही कंपनी अगदीच परकी नाही. 1963 मध्ये महिंद्रानं याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी हातमिळवणी करून मुंबईत कांदिवलीला ट्रॅक्टर बनवायला घेतले. महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ज्या ट्रॅक्टरचं स्टीअरिंग धरलं, तो बी-275 त्याच घराण्यातला.

एमचं इंजिन चार सिलिंडरचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंचाला एक सूत कमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, सव्वापाच इंच. चारही सिलिंडर मिळून जागा चार लिटरपेक्षा किंचित जास्त. आणि फिरण्याचा वेग? मिनिटाला फक्त 1450 फेरे. आजची लहानशी मोटारगाडी जिथे नुकतीच गिअर बदलायच्या विचारात असते, तिथे या इंजिनाचा कामाचा वेग संपतो. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, संथ फेरे. नांगर कठीण मातीत रुतला की इंजिन लगेच बंद पडू नये, दम धरून पुढे रेटत राहावं, यासाठीची ही सगळी रचना.

आता इंधनाकडे वळू. 1930 च्या दशकात अमेरिकन शेतकऱ्याला पेट्रोल महाग वाटायचं. त्यापेक्षा स्वस्त मिळायचं ते डिस्टिलेट, म्हणजे रॉकेलाच्या जवळपासचं, पेट्रोलपेक्षा जड आणि जरा कनिष्ठ तेल. त्यामुळे ट्रॅक्टरला दोन टाक्या असत, एक लहान पेट्रोलची आणि एक मोठी डिस्टिलेटची. पेट्रोलवर चालू करायचं, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून डिस्टिलेटवर न्यायचं. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये जड तेल साठून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालू होता होत नाही. आपल्या गावांत पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे पाण्याचे पंप ज्यांनी हाताळलेत, त्यांना ही कसरत लगेच ओळखीची वाटेल.

डिस्टिलेटची खोड अशी की थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही. वाफ न झालेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतात आणि ऑइल पातळ करतात. म्हणून रेडिएटरपुढे झडपा लावून इंजिन मुद्दाम गरम ठेवत. आत येणाऱ्या हवेची नळी धुराच्या तापत्या नळीला चिकटवलेली असे, म्हणजे मिश्रण तापूनच आत जाईल.

पण त्याची मोठी खोड वेगळीच होती. कमी प्रतीचं इंधन दाबाला टिकत नाही. पिस्टन वर येताना हवा-इंधनाचं मिश्रण दाबतो. जितकं जास्त दाबाल तितकं ते तापतं. प्लगची ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूनं पसरत जाते आणि पुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात आणखी दाबलं जातं. इंधन चांगलं असेल तर ते ज्वालेची वाट पाहतं. कनिष्ठ असेल तर ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातला तो साठा स्वतःहून एकदम पेटतो. लोखंडावर हातोडा मारल्यासारखा खणखण आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी हे कोडं उलगडलं. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून नॉकिंग दाबण्याची युक्ती शोधली. त्या शिशाची विषारी किंमत साऱ्या जगानं पुढे कित्येक दशकं मोजली; असं पेट्रोल पंपांवरून पूर्णपणे हद्दपार व्हायला 2021 साल उजाडलं. पण त्या काळी चांगल्या इंधनाचं दार उघडलं ते याच शोधानं. 1935 मध्ये ऑलिव्हर कंपनीनं एक ट्रॅक्टर काढला आणि त्याचं नाव चक्क '70' ठेवलं, कारण तो 70 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बांधला होता. इंधनाचा दर्जा हेच ट्रॅक्टरचं नाव, इतकी ती बाब तेव्हा नवलाची होती.

तरीही बहुतेक कंपन्यांना गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं. म्हणून डिस्टिलेट-रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते प्रमाण, साडेचारच्या आसपास ठेवला जाई, आणि खास पेट्रोलसाठी बांधलेल्या एमचाही सहाच्या आतच होता. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल या मंदगती इंजिनात आठच्या रेशोपर्यंत नॉकिंगशिवाय निभावून नेतं.

हा फरक किती जागेचा आहे, ते पाहिल्यावर मी थक्क झालो. एमच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येताना साधारण 1015 घनसेंटिमीटर जागा व्यापतो. रेशो साडेचार असेल तर पिस्टन अगदी वर पोचल्यावरही त्याच्या डोक्यावर 290 घनसेंटिमीटर जागा उरते. तोच रेशो आठ करायचा तर उरलेली जागा 145 असायला हवी. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून एका कपात चहा मावतो तेवढी पोकळी भरून काढायची. इतकंच! आणि पेट्रोल इंजिनाच्या चक्राचं, म्हणजे ऑटो चक्राचं, आदर्श गणित सांगतं, की साडेचारच्या रेशोला इंधनाच्या उष्णतेतली 45 टक्के कामी येते, आठच्या रेशोला 56 टक्के. प्रत्यक्ष इंजिन या आकड्यांच्या बरंच खाली राहतं, पण दोहोंतलं प्रमाण तसंच टिकून राहतं. तेवढंच इंधन, तेवढीच हवा, आणि काम जवळपास पाव हिश्शानं जास्त. कपभर पोकळीची ही किंमत.

ती पोकळी भरायची कशी? पहिला विचार येतो तो हेड घासण्याचा. पण हेड एक मिलिमीटर फेस केलं तर जेमतेम सात-आठ घनसेंटिमीटर जागा कमी होते. 145 कमी करायला जवळजवळ दोन सेंटिमीटर घासावं लागेल, तोवर हेडमधून पाणी दिसायला लागेल. म्हणून खरा उपाय पिस्टनमध्ये आहे. ज्याचं डोकं सपाट नसून वर उचललेलं आहे, असा पिस्टन घालायचा. अमेरिकेत हे पिस्टन फार पूर्वीपासून तयार मिळू लागले. इलिनॉयमधल्या अँकर नावाच्या छोट्याशा गावातली एम अँड डब्ल्यू ही कंपनी त्यासाठीच नावाजली. दुसऱ्यांच्या कारखान्यात झालेल्या ट्रॅक्टरांतली झाकलेली ताकद उघडून देणं, हाच तिचा धंदा. शेतकरी जुना ट्रॅक्टर न विकता हिवाळ्यात इंजिन उतरवायचा आणि वसंतात एक फाळ जास्त असलेला नांगर जोडून शेतात जायचा.

पिस्टन बदलायचेच तर थोडे मोठेच का घालू नयेत? इथे त्या जुन्या ब्लॉकचं आणखी एक औदार्य दिसतं. कंपनीनं स्वतःच 1952 च्या सुपर एममध्ये बोअर सरळ चार इंच केला, आणि पुढे 1956 मध्ये आलेल्या फार्मॉल 450 मध्ये चार इंच एक सूत. स्ट्रोक मात्र तोच, सव्वापाच. जागा बोअरच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, त्यामुळे एमपासून 450 पर्यंत फक्त दोन सूत वाढले आणि इंजिनाची जागा तेरा टक्क्यांनी वाढली. भिंती जाड ओतून ठेवणाऱ्या त्या अभियंत्यांनी पुढच्या पिढीसाठी बिडात जागा राखून ठेवली होती, असंच म्हणावंसं वाटतं.

आता वर्कशॉपमध्ये येऊ, कारण गणित कागदावर सुटलं तरी इंजिन हातांनीच बांधलं जातं.

एमच्या ब्लॉकमध्ये ड्राय लायनर आहेत, म्हणजे पातळ नळकांडी दाबून बसवलेली असतात आणि पाणी त्यांना थेट लागत नाही. जुना लायनर बाहेर काढण्याआधी त्यात बोट घालून पाहावं. वरच्या टोकापासून थोडं खाली नखाला एक कडा अडकते. पिस्टन तिथे क्षणभर थांबून उलट फिरतो. जळत्या वायूचा सर्वांत जास्त दाब तिथे आणि ऑइल सर्वांत कमी तिथे. म्हणून झीजही तिथेच. खाली मात्र भिंत अजून नव्यासारखी. बोअर गेजनं वर-खाली, उभं-आडवं मोजलं की त्या इंजिनानं किती धूळ खाल्ली, ऑइल वेळेवर बदललं गेलं का, सगळं आकड्यांत वाचता येतं.

नव्या भिंतीला होनिंग करतात तेव्हा पाहणाऱ्याला वाटतं, आरशासारखी गुळगुळीत करत असतील. उलट असतं. होनचे दगड फिरता फिरता वर-खाली नेतात, त्यामुळे भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची बारीक जाळी उमटते. त्या ओरखड्यांत ऑइल धरून राहतं. भिंत आरशासारखी असती तर ऑइल निसटलं असतं आणि रिंगा कोरड्या घासल्या असत्या. सुरुवातीच्या काही तासांत रिंगा त्या जाळीची टोकं झिजवून स्वतःला भिंतीच्या आकाराची करून घेतात. म्हणूनच नवं बांधलेलं इंजिन नुसतं मोकळं फिरवत ठेवण्यापेक्षा त्याला मध्यम ओझं द्यावं असं जाणते सांगतात. ओझ्याखाली वायूचा दाब रिंगांच्या मागे शिरतो आणि त्यांना भिंतीवर दाबतो.

रिंगेची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत. दर इंच बोअरला साधारण चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे चार इंची बोअरला सोळा थाऊ, जेमतेम 0.4 मिलिमीटर फट ठेवायची. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे जास्त उष्णता, रिंग तापून लांब होणार. फट कमी पडली तर टोकं भिडतात, रिंग फुगते आणि ताजी होन केलेली भिंत ओरबाडून टाकते. क्रँकच्या बेअरिंगमधली फट मोजायची रीतही सुंदर आहे. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा क्रँकवर आडवा ठेवायचा, कॅप ठरलेल्या ताकदीनं आवळायची, पुन्हा उघडायची. धागा चपटा होऊन जितका रुंद झाला, तितकी फट कमी. रुंदी पट्टीवर ताडून थाऊंमध्ये वाचायची. इतक्या मोठ्या लोखंडी धुडाचं आयुष्य त्या चेपलेल्या धाग्यावर ठरतं.

इंजिनाच्या श्वासाकडे, म्हणजे आत येणाऱ्या हवेकडेही, असंच बारकाईनं पाहायचं. मिश्रण तापवणारा तो जुना मॅनिफोल्ड पेट्रोलला नकोच. हवा पन्नास अंशांनी तापली तर तेवढ्याच जागेत ती जवळपास सातव्या हिश्शानं कमी मावते. थंड मॅनिफोल्ड बसवला की हा तोटा बराचसा भरून येतो. व्हॉल्व्हच्या सीट नव्यानं कापायच्या, आतली वाट जरा साफ करायची. यात फार खोलात शिरायला नको, कारण इतक्या कमी फेऱ्यांवर हवा आत शिरायला भरपूर वेळ असतो आणि मोह आवरला नाही तर चांगलं हेड वाया जातं.

खरा धोका आहे फेरे वाढवण्यात. फेऱ्यांना आवर घालणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणली की तेच इंजिन 1450 ऐवजी 2000 फेऱ्यांवर जातं आणि एचपी वाढलेली दिसते. पण पिस्टनला वर थांबवून खाली खेचायला जी ताकद लागते ती फेऱ्यांच्या वर्गानं वाढते. फेरे दीडपटसुद्धा झालेले नाहीत, आणि कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवरचा ताण जवळपास दुप्पट! स्ट्रोक लांब असल्यानं हा प्रश्न आणखी टोकदार होतो. म्हणून जाणता माणूस आधी पिस्टन-रॉडची वजनं ग्रॅमपर्यंत जुळवतो, रॉडचे बोल्ट नवे घालतो आणि मगच गव्हर्नरला हात लावतो. फेरे वाढवून मिळवलेल्या एचपीपेक्षा कॉम्प्रेशन आणि बोअरमधून मिळालेली ताकद मला जास्त प्रामाणिक वाटते. ती खालच्या फेऱ्यांवर, ऐन ओझ्याखाली हाताशी असते.

आणि आता सगळ्यांत अनपेक्षित भाग. इंजिन पन्नास एचपीचं झालं म्हणजे ट्रॅक्टर जास्त ओढतो का? पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ नाही!

हिशेब करून बघू. एम पहिल्या गिअरमध्ये ताशी चार किलोमीटरच्या थोडा वर चालतो. मूळची ताकद चाकांपर्यंत पोचेतो 33 एचपीच्या आसपास उरते. त्या वेगाला तेवढी ताकद म्हणजे दोन टनांच्या वरची ओढ. आणि ट्रॅक्टरचं अंगचं वजन? सव्वादोन टनांच्या आसपास. स्वतःच्या वजनाइतकं ओढायला गेलं की मातीत टायर घसरतातच. म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन आधीपासूनच मातीपेक्षा वरचढ होतं. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र, ताशी सातेक किलोमीटरला, मूळ इंजिन सव्वा टनाच्या आसपासच ओढू शकतं. बांधलेलं इंजिन तिथेही दोन टनांच्या जवळ जातं. वाढलेल्या ताकदीनं दिला तो वेग. तेवढंच ओझं, पण वरच्या गिअरमध्ये. शेतकऱ्याच्या भाषेत, जो तुकडा नांगरायला दिवस मावळायचा तो दुपारच्या चहापर्यंत आटोपला.

मग ओढ वाढवायची ती मागच्या चाकांवर वजन आणून. ओझं जोडायचा हूक जमिनीपासून जितका उंच, तितकं ओढताना पुढच्या चाकांवरचं वजन मागे सरकतं. दोन टनांची ओढ, हूक अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सव्वादोन मीटर धरलं, तर जवळपास साडेचारशे किलो वजन नुसत्या ओढण्यानं मागच्या चाकांवर येतं. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर पुढची चाकं उचलताना सगळ्यांनी पाहिलाय. तोच हा हिशेब, धोक्याच्या रेषेपर्यंत गेलेला. हूक आणखी उंच केला तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि इतक्या झटक्यात की चालकाला क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धांत हुकाच्या उंचीवर कडक बंधन असतं. जुन्या ट्रॅक्टरांच्या गटांत ती बहुधा वीस इंचांच्या आत ठेवतात, आणि मागे उलटू नये म्हणून पाठीमागे लोखंडी दांडे बसवलेले असतात.

या स्पर्धांची राष्ट्रीय संघटना 1969 ची, पण खेळ त्याहून जुना. पूर्वी धावपट्टीच्या कडेनं माणसं उभी राहत आणि ट्रॅक्टरमागे ओढली जाणारी ओझ्याची घसरगाडी जवळून जाताना एकेक जण तिच्यावर चढे, म्हणजे ओझं वाढत जाई. आताच्या घसरगाडीत वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. गाडी पुढे सरकते तशी तिच्याच चाकांनी फिरणारी साखळी ती पेटी पुढे आणते आणि पुढचा लोखंडी तवा मातीत अधिकाधिक दाबला जातो. जितकं पुढे जाल तितकं जड. तीनशे फूट गाठले तर पूर्ण ओढ. पुष्कळदा त्याआधीच चाकं जागच्या जागी फिरू लागतात किंवा इंजिनाचा दम संपतो, आणि गाडी जिथे थांबली तिथवरचं अंतर मोजलं जातं. आधी काय हरलं, इंजिन की टायर, हे पाहून चालक पुढच्या वेळी ठरवतो की पुढच्या चाकांपाशी लावलेल्या बिडाच्या वजनाच्या पाट्या मागे न्यायच्या, टायरची हवा एक-दोन पौंडांनी उतरवायची की एक गिअर खाली येऊन सुरुवात करायची.